पाल्याच्या वहीतला शेवटचा रकाना

सहा वर्षांपूर्वी आमच्या शेजारची एक मांजर माझ्या सल्ल्यानं मेली. तिच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या. शेजारची सहावीतली मुलगी विचारायला आली, तेव्हा मी ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलं, "खोबरेल तेलात कापूर विरघळव आणि अंगाला चोळ." बैलाच्या खांद्याच्या जखमेभोवती माश्या बसू नयेत म्हणून तेच तेल मी वर्षानुवर्षं लावत आलो होतो. पण बैलाची जीभ त्याच्या खांद्यावरच्या जखमेपर्यंत जात नाही. मांजर मात्र सगळं अंग जिभेनं साफ करते. संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, अंग थरथरलं, मग झटके आले. रात्री ती गेली. सकाळी उरलेल्या तेलाची बाटली आमच्या उंबऱ्यावर ठेवलेली दिसली. मुलगी एक शब्द बोलली नाही.

मी डॉक्टर नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक होतो. जखमा धुणं, पट्टी बांधणं, जनावर खोड्यात धरणं, डॉक्टर साहेबांच्या हाताखाली सलाईनची बाटली उंच धरून उभं राहणं, हे माझं काम. १९८८ साली परभणी जिल्हा परिषदेत लागलो. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा इकडे आलो आणि २०२१ ला निवृत्त झालो. पण कळमनुरी तालुक्यातल्या खेड्यात पांढऱ्या डब्यातली पट्टी ज्याच्या हातात, तो डॉक्टरच. लोक "डॉक्टर" म्हणून हाक मारायचे आणि मी "ओ" द्यायचो. त्या "ओ"ची किंमत त्या मांजरीनं दिली.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडे झाडपाल्याच्या औषधांना पुन्हा दिवस आलेत. हिंगोली, वसमत, कळमनुरीसारख्या गावांतही आता घराघरात लॅब्रॅडोर आणि पॉमेरियन दिसतात. मोबाईलवर रोज एक नुस्खा येतो: गोचीड झाली तर लसूण खाऊ घाला, खरूज झाली तर सीताफळाच्या बिया वाटून लावा, पोट बिघडलं तर कोरफडीचा रस पाजा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य असतं की, नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही. बत्तीस-तेहतीस वर्षं जनावरांच्या जखमा धुतलेला माणूस म्हणून मला या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

झाडपाल्यावर माझा राग नाही. मी त्यातच वाढलो. एक एकर हळद आजही लावतो. हळद शिजवायचे दिवस आले की आमच्या शिवाराचा वासच बदलतो, आणि हिंगोलीच्या मार्केट यार्डात पिवळी धूळ अंगावर घेतल्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही. 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या घरी गोड केलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला बैलाच्या खांद्यावर तूप-हळद चोळताना माझे वडील बोटांनी एकेक गाठ चाचपून बघायचे. वर्षभर जू ओढून कुठे सूज आली, कुठे कातडं सोललं, हे त्या दिवशी हाताला कळायचं. म्हणजे खांदमळणी ही पूजा तर होतीच, पण जनावराची वर्षातून एकदा नीट केलेली तपासणीही होती. बांधावरची कंबरमोडी चुरगळून ओरखड्यावर लावणं, गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करणं, पोट फुगलेल्या बैलाला तेलात हिंग आणि ओवा घालून देणं, हे सगळं मी घरीच शिकलो. नोकरी त्यानंतर लागली.

दवाखान्यात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. जखमेत किडे पडलेल्या जनावरासाठी कपाटातून जी बाटली निघायची, ती टर्पेंटाईनची. हे तेल चीड नावाच्या झाडाच्या डिंकापासून निघतं. म्हणजे सरकारी कपाटातही झाडच होतं. फरक एवढाच की, बाटलीवर नाव होतं, किती वापरायचं ते ठरलेलं होतं, आणि बोळा जखमेत किती वेळ ठेवायचा, मग चिमट्यानं किडे कसे काढायचे, हे साहेबांनी हात धरून शिकवलं होतं. औषध झाडाचं की कारखान्याचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापुरता मिटला. कुठल्या जनावराला, किती, कसं आणि कुठवर, हे माहीत असेल तर ते औषध. माहीत नसेल तर तो नुसता पाला.

हळदीचीच एक गोष्ट सांगतो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं. परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानानं सांगतात आणि ती सांगावीच. पण ते पेटंट रद्द कशामुळे झालं, हे कुणी सांगत नाही. "आमची आजी लावायची" एवढ्यावर ते रद्द झालं नाही. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख असे लेखी पुरावे ठेवावे लागले. आजी खरीच होती, पण खटला जिंकला तो कागदानं.

आता आपल्या गोठ्यातलं आणि अंगणातलं ज्ञान कुठल्या कागदावर आहे? बहुतेक ठिकाणी ते फक्त आठवणीत आहे. आणि आठवणीची एक खोड असते. वाचलेली गाय गावाला वीस वर्षं आठवते, मेलेली गाय पुढच्या बाजारापर्यंतही आठवत नाही. "अमक्यानं पाला दिला आणि चौथ्या दिवशी गाय उठली" हे सगळे सांगतात. त्याच पाल्यावर न उठलेल्या गायीची गोष्ट सांगायला कुणी पारावर येत नाही. आजीबाईच्या बटव्यात औषधं पुष्कळ असतात, मेलेल्या जनावरांची नोंद मात्र नसते.

२०२२ साली लम्पी आला तेव्हा हे अगदी जवळून पाहिलं. ऑगस्टनंतर महाराष्ट्रात तो झपाट्यानं पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचली गेली. मी निवृत्त होतो, पण आमच्या गल्लीत रोज फिरत होतो. कुणी विड्याची पानं, मिरे, मीठ आणि गूळ कुटून चारत होतं, कुणी हळद, कडुलिंब आणि तेलाचा लेप गाठींवर लावत होतं. बरीच जनावरं बरी झाली. पण या रोगात नीट काळजी घेतली तर बहुतेक जनावरं तशीही बरी होतात. मग श्रेय कुणाचं? पाल्याचं, लसीचं, की मालकानं रात्रभर जागून तोंडापाशी नेलेल्या पाण्याच्या बादलीचं? लेपामुळे जखमांवर माश्या कमी बसल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. त्यापुढे छातीठोकपणे सांगण्यासारखं माझ्या वहीत काही नाही.

काम नीट करायचं म्हटलं तर होतं, याचं एक उदाहरण समोर आहे. तमिळनाडूचे पशुवैद्य डॉ. एन. पुन्नियमूर्ती यांनी पारंपरिक उपाय गोळा करून, पारखून, मापात बसवले आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं ते देशभर पोचवले. गायीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, तर कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम एकत्र वाटायचं. आधी कास धुऊन सड पूर्ण पिळून घ्यायचे, मग लेप पातळ करून लावायचा. दिवसातून आठ-दहा वेळा, असं पाच दिवस. कोरफड, हळद आणि चुना प्रत्येक घरात असतो. मोल आहे ते मापात आणि "आधी सड पिळून घ्या" या सूचनेत. महाराष्ट्रातही डॉ. नित्या घोटगे आणि डॉ. सागरी रामदास या पशुवैद्य महिलांनी १९९० च्या दशकात 'अंथ्रा' ही संस्था उभी करून पशुपालकांचं झाडपाल्याचं ज्ञान त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेतलं. या माणसांनी पाल्याला मान दिला, म्हणजे त्याला परीक्षेला बसवलं.

आता कुत्र्या-मांजरांकडे येतो, कारण गल्लत तिथेच होते. आपली पशुवैद्यकाची जुनी परंपरा मोठी आहे. शालिहोत्राचं नाव घोड्यांसाठी, पालकाप्याचं हत्तींसाठी. पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९४ साली छापला. गायी-बैलांचं ज्ञान शेतकऱ्यानं पिढ्यानपिढ्या जपलं, कारण बैल मेला तर पेरणी राहायची. कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला त्या मानानं फार थोडं आलं. खंडोबाचं कुत्रं म्हणून भाकरी मिळाली, उंदीर धरते म्हणून मांजरीला वाटीभर दूध मिळालं, पण दुखण्याखुपण्यात दोघंही आपलं आपण निभावत. म्हणून आज आपण कुत्र्याला जे घरगुती औषध देतो, ते बहुतेक वेळा बैलाचं किंवा माणसाचं औषध असतं, अंदाजानं कमी केलेलं.

हा अंदाज चुकतो. चारशे किलोच्या बैलाचं पोट चार कप्प्यांचं, पाला आंबवून पचवणारं. पंधरा किलोच्या कुत्र्याचं पोट वेगळं. आणि तीन किलोच्या मांजरीचं यकृत तर अगदीच निराळं. काही द्रव्यांचं विष मोडून बाहेर टाकण्यासाठी जे रसायन माणसाच्या आणि कुत्र्याच्या यकृतात असतं, ते मांजरीत फार कमी असतं. म्हणून कापूर, निलगिरीचं तेल, पुदिन्याचा अर्क असल्या उग्र वासाच्या गोष्टी तिला भोवतात. त्याच कारणानं माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजरीचा जीव घेते. तिच्या शरीराला झाडाची वस्तू आणि कारखान्याची वस्तू यांत भेद कळत नाही.

कांदा-लसणाचं तसंच. गोचिडांवर उपाय म्हणून कुत्र्याला लसूण चारणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. थोडा थोडा रोज दिला तरी त्याचा परिणाम साठत जातो, हिरड्या पांढऱ्या पडतात, जनावर दमायला लागतं आणि मालकाला वाटतं की गोचिडांनीच रक्त प्यालं. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं, पण तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. मग डोक्याला पूड चोळलेलं कुत्रं पंजानं डोळा खाजवतं. कोरफडीचा आतला पारदर्शक गर वरून लावायला ठीक, पण पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक पोटात गेला की कुत्र्या-मांजरांना हगवण लागते. बाजारातल्या रंग मारलेल्या हळदीबद्दल तर बोलायलाच नको. जखमेवर लावायची ती घरची किंवा ओळखीच्या शेतातली.

मग वापरावं काय? माझ्या अनुभवात चालतं ते फार साधं आहे. वरवरचा ओरखडा असेल तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवावा, केस कापावेत, घरची हळद खोबरेल तेलात कालवून पातळ थर द्यावा आणि जनावर तो चाटणार नाही अशी पट्टी बांधावी किंवा गळ्यात पुठ्ठ्याचं कडं घालावं. अंथरूण उन्हात टाकावं, खाली कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरावा. मोठ्या कुत्र्याला कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यानं अंघोळ घालायला हरकत नाही. पोटात द्यायचं झाडाचं कुठलंही औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि मांजरीला तर चाटता येईल अशी एकही वस्तू अंगाला लावू नये. तोंडात बळजबरीनं रस ओतणं सगळ्यांत वाईट. ठसका लागून तो फुफ्फुसात जातो आणि मूळ आजार बाजूला राहून जनावर त्यानंच मरतं. बैलांना नळीनं औषध पाजताना असे मृत्यू मी पाहिले आहेत.

काही ठिकाणी पाल्याला जागाच नाही, आणि हे मला अगदी स्पष्ट लिहायचं आहे. पिल्लाला रक्ताची हगवण आणि उलट्या लागल्या, साप चावला, पोट अचानक नगाऱ्यासारखं फुगलं, बोक्याची लघवी तुंबली, तर प्रत्येक तास मोलाचा असतो. पाला शोधण्यात गेलेला तास परत येत नाही.

आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा. आमच्या हळदीच्या जिल्ह्यात कुत्रं चावलं की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. कुणी मिरची भरतं, कुणी चुना लावतं, कुणी मंत्र टाकायला नेतं. माझ्या शेतातल्या हळदीची शपथ घेऊन सांगतो, त्या जखमेवर हळद लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. लुई पाश्चरनं तयार केलेली पिसाळीच्या रोगाची लस १८८५ साली माणसाला टोचली गेली, तिला आता १४० वर्षं झाली. रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय आणि कुत्रा काय, वाचणं जवळपास अशक्यच. आपल्या कुत्र्याला दर वर्षी पिसाळीची लस टोचणं हीच त्याची, आपली आणि गल्लीतल्या लेकरांची राखण. त्या लसीला पर्याय असलेली वनस्पती कुठल्याही रानात नाही.

यावर लोक मला विचारतात, "अहो, पण डॉक्टर आहेत कुठे?" प्रश्न खरा आहे. खेड्यातला पशुवैद्यकीय दवाखाना मुळात गायी-म्हशींसाठी उभारलेला, त्यात कुत्र्या-मांजरांसाठी सोयी थोड्या. मजुरी बुडवून कुत्रं घेऊन तालुक्याला जाणं प्रत्येकाला परवडत नाही. म्हणूनच माणूस पाल्याकडे वळतो, त्यामागे अडाणीपणापेक्षा अडचण जास्त असते. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. निदान फोनवर काय करायचं नाही ते तरी कळेल. पण अडचण खरी आहे म्हणून अंदाज खरा ठरत नाही. उलट जिथे डॉक्टर लांब, तिथे घरातलं ज्ञान जास्त नेमकं हवं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. त्या वहीत गावातल्या औषधी झाडांची नावं लिहायची असतात. नावांपुढे रकाने वाढवा: कुठल्या जनावराला, वजन किती, कुठला भाग, किती, कसा, किती दिवस. आणि शेवटी एक रकाना: काय झालं. बरं झालं असेल तर तसं, काहीच फरक पडला नसेल तर तसं आणि मेलं असेल तर मेलं असं. धनगर वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना, तांड्यावरच्या बायकांना, कुत्री पाळणाऱ्या पोरांना विचारून ते भरा. तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तशीच एक वही टेबलावर असावी. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्या उशालाच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन अशा वह्या चाळाव्यात, त्यातलं जे वारंवार उपयोगी दिसतं ते प्रयोगशाळेत नेऊन पारखावं, जे घातक आहे ते गावात येऊन मोठ्यानं सांगावं. यात पैसा फार लागत नाही. लागतं ते आपलं चुकलेलं लिहिण्याचं धाडस.

माझी वही दोनशे पानी आहे. तिच्यात त्या मांजरीची नोंद आहे: "मांजर, अंदाजे ३ किलो. पिसवा. कापूर व खोबरेल, अंगभर. चाटलं. रात्री मेली. सल्ला माझा." ही ओळ लिहायला मला चार महिने लागले.

ती मुलगी आता बारावीत आहे. मागच्या आठवड्यात तारेच्या कुंपणात पाय अडकलेलं कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन ती आमच्या दारात आली. त्या बाटलीनंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे औषधासाठी आली होती. मी हळदीचा डबा काढला. तिनं पिल्लाचा पाय धरला आणि विचारलं, "काका, यानं चाटलं तर?" मी म्हणालो, घरची हळद आणि खोबरेल आहे, थोडं चाटलं तर अपाय नाही, पण जखम ओली राहील, म्हणून पट्टी घट्ट नको पण पक्की बांधायची. तिनं पिल्लाचं वजन विचारलं. आम्ही ते पिशवीत घालून काट्यावर ठेवलं, अडीच किलो भरलं. जखम धुतली, लेप लावला, पट्टी बांधली. लस केव्हा टोचायची त्याची तारीख तिनं स्वतःच्या मोबाईलमध्ये घातली.

मग वही उघडून सगळे रकाने तिनंच भरले. शेवटचा मी तिला कोरा ठेवायला सांगितला. पिल्लू रोज पट्टी बदलायला येतं. आठ दिवस झाले की आम्ही दोघं मिळून तो भरू, जे होईल ते.